विश्लेषण : ‘फोर बाय फोर’ गाडी थरथरते, तेव्हा बिघाड नेमका कुठे शोधायचा?

पावसाळ्यात ओढे, चिखल आणि घाट तुडवून आलेल्या फोर बाय फोर गाडीची ऑक्टोबरात एक ठरलेली तक्रार असते, ‘साठ-सत्तरच्या पुढे गाडी थरथरते.’ गॅरेजमध्ये चाकांचे बॅलन्सिंग होते. फरक पडला नाही तर अलाइनमेंट, मग नवे टायर, मग शॉक ॲब्सॉर्बर. बिल वाढत जाते आणि थरथर मात्र जिथल्या तिथे राहते. या गाड्यांत थरथर निर्माण करू शकणाऱ्या जागा इतक्या असतात की अंदाजाने भाग बदलत जाणे हाच सर्वांत महागडा मार्ग ठरतो. त्याआधी दोन स्वस्त प्रश्न विचारायला हवेत. थरथर नेमकी केव्हा होते? आणि गाडीच्या तळाशी असलेल्या चार पेट्यांमधले तेल कसे दिसते?

या गाड्यांत वेगळे काय असते?

बहुतेक साध्या मोटारींत इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून दोनच चाकांकडे जाते. महिंद्र थारची फोर बाय फोर आवृत्ती, मारुती जिम्नी, फोर्स गुरखा किंवा उत्पादन थांबूनही रस्त्यावर टिकून असलेली जिप्सी, या गाड्यांत गिअरबॉक्सला जोडून आणखी एक पेटी असते. ती म्हणजे ट्रान्सफर केस. तिच्यातून एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो आणि दुसरा पुढे. दोन्ही टोकांना एकेक डिफरन्शियल असते. गॅरेजच्या भाषेत ते ‘हाउसिंग’. क्राउन आणि पिनियन हे दातेरी भाग त्यातच फिरतात.

म्हणजे इंजिन सोडून तेल भरलेल्या पेट्या झाल्या चार : गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचे डिफरन्शियल आणि मागचे डिफरन्शियल. त्यांच्या जोडीला दोन शाफ्ट, शाफ्टच्या टोकांचे सांधे आणि अनेक ऑइल सील. साध्या मोटारीपेक्षा फिरणारे भाग जवळपास दुप्पट, म्हणून बिघाडाच्या शक्यताही तेवढ्याच जास्त.

या तेलांकडे दुर्लक्ष का होते?

इंजिन ऑइल कमी झाले किंवा त्याचा दाब घसरला, तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलसाठी बहुतेक गाड्यांत असा दिवा नसतो. तेल संपले तरी गाडी काही काळ निमूट चालत राहते. आवाज येऊ लागतो तेव्हा दात झिजलेले असतात.

दुसरे कारण सर्व्हिसच्या सवयीत आहे. ठरावीक किलोमीटरनंतर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला, गाडी धुतली की सर्व्हिस झाली असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले जाते. काही ठिकाणी ‘हे तेल गाडीच्या आयुष्यभराचे आहे’ असेही सांगितले जाते. शहरात, कोरड्या रस्त्यावर, हलक्या वजनाने चालणाऱ्या गाडीला ते काही अंशी लागू पडेलही. नदी ओलांडणाऱ्या, ट्रॉली ओढणाऱ्या किंवा वाळूत खेळवल्या जाणाऱ्या गाडीला नाही. मालकाच्या पुस्तिकेत ‘कठीण वापर’ अशा मथळ्याखाली तेल लवकर बदलण्याची वेगळी मुदत बहुधा दिलेली असते. पण ते पान फारसे कोणी उघडत नाही.

पाणी आत शिरते कसे?

यामागे शाळेतले विज्ञान आहे. तासभर चाललेल्या गाडीचे डिफरन्शियल चांगलेच तापलेले असते. आतली हवा प्रसरण पावलेली असते. ती बाहेर पडावी म्हणून वरच्या बाजूला ब्रीदर नावाची छोटी नळी किंवा टोपी असते. ही तापलेली पेटी अचानक थंड ओढ्यात बुडाली, की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढू लागते. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा आत जाते. तो पाण्याखाली असेल तर पाणी जाते. चिखलाने बुजला असेल तर सगळी ओढ ऑइल सीलवर येते. हे सील मुळात आतले तेल बाहेर जाऊ नये म्हणून असतात, बाहेरून आत येणाऱ्या पाण्याला ते तितके अडवू शकत नाहीत.

उलटेही घडते. ब्रीदर बुजलेला असताना पेटी तापली, की आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. काही गाड्यांत हे तेल चाकापर्यंत पोहोचून ब्रेकवर पडू शकते. घाट उतरताना त्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे नवा सील बसवण्याआधी ब्रीदर साफ आहे ना, हे पाहायला हवे. नाहीतर नवा सीलही गळू लागतो.

म्हणून चाकाच्या मध्यापर्यंत किंवा त्याहून खोल पाण्यातून गाडी गेली असेल, तर किलोमीटरची वाट न पाहता चारही पेट्यांमधले तेल तपासणे शहाणपणाचे.

निथळलेले तेल काय सांगते?

रुग्णाचे रक्त तपासावे तसे हे तेल वाचता येते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ भांडे आणि उजेड पुरतो.

तेल कॉफीत दूध घातल्यासारखे किंवा ताकासारखे फिकट दिसले, तर त्यात पाणी मिसळलेले आहे. असे तेल दातांमध्ये टिकत नाही आणि बेअरिंगला गंज चढतो. ते लगेच बदलावे. थोडे अंतर चालवून पुन्हा पाहावे. फिकटपणा राहिला असेल तर आणखी एकदा बदलावे.

तेल काळेभोर, पातळ आणि जळकट वासाचे असेल, तर ते जास्त तापलेले आहे. मात्र डिफरन्शियलच्या तेलाला मुळातच गंधकाचा उग्र वास असतो. नुसत्या वासावरून ते खराब ठरवू नये.

सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे ड्रेन प्लग. अनेक गाड्यांत त्याच्या टोकाला चुंबक असते. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर दिसला तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण, सळ्या किंवा दाताचा तुकडा सापडला, तर नवे तेल भरून गाडी पाठवून देणे ही फसवणूक ठरते. पेटी उघडावीच लागते. गिअरबॉक्सच्या तेलात सोनेरी चमक दिसली, तर ती बहुधा सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांची झीज असते.

कोणते तेल कुठे?

‘गिअर ऑइल टाकले’ एवढे उत्तर पुरेसे नाही. डिब्ब्यावरच्या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे घट्टपणा, उदाहरणार्थ ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. इथला ९० हा आकडा इंजिन ऑइलच्या मापाचा नाही. ९० क्रमांकाचे गिअर ऑइल घट्टपणात साधारण ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन ऑइलच्या जवळचे असते. मोजपट्टीच वेगळी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दर्जा : जीएल-४ की जीएल-५. डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात. तिथला दाब प्रचंड असतो. त्यासाठी गंधक-फॉस्फरसयुक्त घटक जास्त असलेले जीएल-५ लागते. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी कड्यांनी एकमेकांना पकडणे गरजेचे असते. जिथे जीएल-४ सांगितले आहे तिथे जीएल-५ टाकल्यास गिअर पडताना अडखळू शकतो आणि काही तेलांतला गंधक तापल्यावर पितळाला खातो. ‘५ म्हणजे ४ पेक्षा चांगले’ हा समज इथे महागात पडतो.

ट्रान्सफर केसचा कारभार आणखी वेगळा. काहींत गिअर ऑइल लागते. काहींत, विशेषतः साखळीवर चालणाऱ्यांत, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल लागते. काही डिफरन्शियलमध्ये चाक घसरू नये म्हणून क्लचच्या चकत्या असतात. त्यांना खास मिश्रण असलेले तेल न मिळाल्यास वळताना गाडी मागून करकरते, थरथरते. तेल बदलून थरथर जाण्याचे हे एक खरे उदाहरण. एरवी नवे तेल थरथरीवरचे औषध नसते. तेल बिघाडाचा पत्ता देते आणि पुढची झीज थांबवते. अंतिम शब्द प्रत्येक वेळी त्या गाडीच्या पुस्तिकेचा.

तेल बदलताना पहिला पाना कुठे लावायचा?

भरण्याच्या प्लगला. हा नियम साधा आहे, पण तो मोडल्याने गाड्या अडकून पडतात. खालचा ड्रेन प्लग आधी उघडला, तेल निथळले आणि मग वरचा प्लग गंजून जाम झाल्याचे कळले, तर गाडी जागची हलवता येत नाही. म्हणून आधी वरचा प्लग सुटतो याची खात्री, मगच खालचा.

पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून तेल कोमट केल्यास ते नीट निथळते. गाडी सपाट जागी हवी, नाहीतर पातळी चुकते. बहुतेक पेट्यांत भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंत तेल येऊन ओघळू लागले की पातळी पूर्ण झाली. काही गाड्यांत मोजून ठरावीक तेल घालावे लागते. जास्त भरल्यास तेलाचा फेस होतो, दाब वाढतो आणि सील गळतात. प्लगचे वॉशर नवे घालावेत, ती काटकसर करण्याची जागा नाही.

गाडीखाली शिरण्याआधी चाकांना उटी आणि गाडीला स्टँड हवेत. नुसत्या जॅकवर विसंबून कोणीही खाली जाऊ नये. एकच बाजू उचलून, इंजिन चालू करून गिअर टाकणे तर फोर बाय फोरमध्ये जिवावर बेतू शकते. जमिनीला टेकलेली चाके ताकद मिळताच गाडी पुढे ढकलतात.

जुने तेल गटारात, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून, अधिकृत पुनर्वापरासाठी तेल देणाऱ्या गॅरेजकडे सोपवणे योग्य.

‘केव्हा थरथरते’ हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

कारण फिरणारा प्रत्येक भाग आपापल्या गतीने फिरतो. थरथर कोणत्या गतीशी बांधलेली आहे हे कळले, की निम्मे संशयित सुटतात.

गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, इंजिनची गती वाढवली आणि थरथर आली तर दोष इंजिन, त्याचे माउंटिंग किंवा क्लचच्या बाजूला. चाके आणि शाफ्ट यांचा संबंध संपला.

उभ्या गाडीत काही नाही, पण ठरावीक वेगाला थरथर येते. अशा वेळी सपाट, मोकळ्या रस्त्यावर त्या वेगाला क्षणभर न्यूट्रल करून पाहता येते. थरथर तशीच राहिली तर दोष चाके, शाफ्ट किंवा डिफरन्शियलमध्ये. ही चाचणी घाटात किंवा रहदारीत करू नये आणि इंजिन कधीच बंद करू नये. ते बंद झाले, की ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर थरथर वाढते आणि सोडल्यावर जाते का? मग शाफ्टचे सांधे, त्यांचे कोन किंवा पिनियनचे बेअरिंग पाहावे. हलके डावीकडे-उजवीकडे वळताना घरघर कमी-जास्त होते का? मग चाकाचे बेअरिंग. ब्रेक दाबल्यावरच थरथरते का? मग ब्रेकच्या चकत्या किंवा ड्रम. थरथर फक्त ‘४एच’मध्ये येते आणि ‘२एच’मध्ये नाही, तर पुढचा शाफ्ट, पुढचे डिफरन्शियल किंवा ट्रान्सफर केस.

चाक की शाफ्ट, हे कसे ओळखायचे?

इथे थोडे गणित कामी येते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. या गाड्यांच्या मोठ्या टायरचा घेर साधारण अडीच मीटर धरला, तर चाक सेकंदाला सुमारे ९ फेरे घेते. डिफरन्शियलचे प्रमाण अनेक गाड्यांत चारच्या आसपास असते, म्हणजे शाफ्ट सेकंदाला ३६ फेरे घेतो.

म्हणून चाकातला दोष स्टिअरिंग किंवा सीट हलल्यासारखा, मोजता येईल असा हादरा देतो. शाफ्टमधला दोष गुणगुणण्यासारखा, तळपायाला मुंग्या आणणारा असतो. स्मार्टफोनवरची कंपने मोजणारी ॲप हा फरक दाखवू शकतात. फोन कन्सोलवर घट्ट ठेवावा आणि आकडे शेजारी बसलेल्याने पाहावेत, चालकाने नव्हे. ९ च्या आसपास टोक दिसले तर चाक, ३६ च्या आसपास दिसले तर शाफ्ट.

चाकाच्या बाबतीत पहिला उपाय फुकट आहे. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल काढून टाकणे. मूठभर चिखलानेही चाकाचा तोल जातो आणि तो चिखल न काढता केलेले बॅलन्सिंग चिखल गळून पडताच निरुपयोगी ठरते. त्यानंतर निघून गेलेली शिशाची वजने, वाकलेली रिम आणि टायरवर आलेला फुगवटा पाहावा. फुगवटा असेल तर तो टायर त्याच दिवशी उतरवावा.

शाफ्टच्या बाबतीत दगडाचा खळगा, चिकटलेला चिखल, निखळलेले वजन आणि सैल झालेला क्रॉस पाहावा. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली, की आतले ग्रीस संपून गंज सुरू झाला आहे. पुढचा-मागचा गिअर बदलताना ‘टण्’ असा आवाज येणे हीसुद्धा त्याचीच खूण. ग्रीस निपल असलेल्या क्रॉसला खोल पाण्यातून आल्यावर ग्रीस मारणे हा काही मिनिटांचा आणि काही रुपयांचा उपाय आहे.

दुरुस्तीतूनच दोष तयार होतो का?

होतो, आणि तो शोधायला सर्वांत कठीण असतो. प्रोपेलर शाफ्ट बहुधा दोन तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे खाचांमध्ये सरकतात. काम करताना ते वेगळे केले आणि परत बसवताना एक-दोन खाचा चुकल्या, तर दोन्ही टोकांचे सांधे एका रेषेत राहत नाहीत. एका सांध्याने निर्माण केलेला चढ-उतार दुसऱ्याने रद्द करायचा असतो, तोच बिघडतो. क्रॉस नवा, बेअरिंग नवे, तरी थरथर पूर्वीपेक्षा जास्त. उपाय एवढाच, की उघडण्याआधी रंगाने खूण करायची.

गाडी उंच करण्याच्या हौसेतूनही हेच घडते. लिफ्ट किट बसवल्यावर शाफ्टचा कोन वाढतो आणि सांधे त्यासाठी घडलेले नसतात. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मनाई करते. थरथरीबरोबर कायद्याची अडचणही मालकाच्या गळ्यात पडते.

काही झटके बिघाड नसतात का?

थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या गाड्यांत ‘४एच’मध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडला जातो. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचे असते. चिखलात टायर थोडे घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ते घसरू शकत नाहीत आणि ताण साऱ्या यंत्रणेत साठतो. स्टिअरिंग जड होते, गाडी उसळते, लिव्हर अडकतो. हा दोष गाडीचा नसून वापराचा आहे. मात्र घाटाच्या कोरड्या रस्त्यावर ‘सुरक्षित वाटते’ म्हणून ‘४एच’ लावून ठेवण्याची सवय खऱ्या बिघाडाला आमंत्रण देते. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, तर सरळ रस्त्यावरही असाच ताण येतो.

गाडी कधी थांबवायची?

खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवरणार नाही इतके हादरू लागले, तर वेग हळूहळू कमी करून गाडी बाजूला घ्यावी. जिप्सी आणि जिम्नीसारखा पुढे सलग ॲक्सल असलेल्या गाड्यांत असा हादरा येऊ लागला, तर स्टिअरिंगचे सांधे, बुश आणि बेअरिंग यांत ढिलाई आहे, असे समजावे. शाफ्टमधून ठोके, डिफरन्शियलमधून दळण दळल्यासारखा आवाज किंवा चाकाच्या आतून तेलाचे ओघळ, यांपैकी काहीही दिसले तरी ‘गावापर्यंत नेऊ’ असे म्हणू नये. वेगात तुटलेला शाफ्ट ब्रेकची नळी किंवा इंधनाची टाकी फोडू शकतो.

बदल कुठे हवा?

चारही पेट्यांचे तेल बदलण्याचा खर्च बहुधा काही हजारांत भागतो. क्राउन-पिनियन किंवा ट्रान्सफर केस उघडण्याची वेळ आली, तर आकडा कित्येक पटींनी वाढतो. ही तफावत माहीत असूनही सर्व्हिसची पद्धत फक्त किलोमीटर मोजते. पाण्यातून झालेला प्रवास कोणत्याही मीटरवर दिसत नाही.

कंपन्या जाहिरातीत गाडी नदीतून धावताना दाखवतात. त्याच कंपन्यांनी ‘पाण्यातून गेल्यावर काय तपासावे’ याचे एक पान मराठीसह स्थानिक भाषांत द्यायला हवे. सर्व्हिस सेंटर आणि गॅरेजने निथळलेले तेल आणि प्लग मालकाला दाखवावा, बिलावर तेलाचा दर्जा आणि मात्रा लिहावी. मालकानेही ‘थरथरते’ एवढ्यावर न थांबता वेग, गिअर, ‘२एच’ की ‘४एच’ आणि शेवटची नदी कधी ओलांडली, हे लिहून द्यावे. मेकॅनिकला अंदाजाने भाग बदलायला लावण्यापेक्षा या चार ओळी स्वस्त पडतात. त्या हातात असतील, तर दहापैकी नऊ संशयित गाडी वर उचलण्याआधीच बाजूला होतात.